धुण्याच्या दगडावरचा वीर

मैत्रिणींनो, अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळजणी गेल्या असतील. बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, केज करीत एस.टी. जाते. मागच्या खेपेला आम्ही केजच्या अलीकडे एका खेड्यात नणंदेकडे उतरलो होतो. मारुतीच्या देवळामागे, हौदाशेजारी एक काळा दगड आडवा पडलेला, आणि एक मावशी त्यावर धुणं धूत होत्या. साबणाचा फेस ओसरला आणि मी बघतच राहिले. दगडावर ढाल-तलवार घेतलेला माणूस!

वीरगळ होता तो. मराठवाड्यात कितीतरी देवळांच्या आवारात असे दगड दिसतात. वाचायला अगदी सोपे, फक्त खालून वर वाचायचे. तळाच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला. कधी शेजारी गाई असतात, म्हणजे गावची गुरं सोडवताना तो गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य : ते आहेत तोवर ह्याची कीर्ती राहो! नाव मात्र बहुतेक दगडांवर नसतंच.

कधी जवळच दुसरा दगड असतो. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. ती सतीशिळा. खरं सांगू? तो हात पाहून माझ्या अंगावर काटा आला, आणि तो अभिमानाचा नव्हता.

मागे राहिलेलीचं काय, हा प्रश्न मला तिथेच पडला. ह्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदाकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे अवघ्या अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांना मराठेशाहीत ‘बालपरवेशी’ मिळे, म्हणजे पोटापाण्याची सोय. नुसत्या दगडापेक्षा ते बरं, नाही का?

पुढे पदकं आली. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. तुकडीतले सोबती गेल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर झडप घातली होती. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस हाती घेतला तो त्यांच्या तरुण पत्नीने.

आणि स्वतंत्र भारताचं परमवीरचक्र कुणी रेखाटलं, ठाऊक आहे? आपल्यासारख्याच एका घरच्या सुनेने. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी १९३२ साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून सावित्रीबाई झाली. मराठी, संस्कृत शिकली. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यांचं इंद्राचं वज्र झालं, ही कथा तिने मनात धरली आणि काशाच्या चकतीवर राजमुद्रेभोवती चार वज्रं काढली. पहिलं परमवीरचक्र ज्यांना मरणोत्तर मिळालं, ते मेजर सोमनाथ शर्मा तिच्याच थोरल्या लेकीचे दीर! (जाता जाता : घरात कुणाचं पदक असेल तर ते चिंच-रांगोळीने घासून लखलखीत करू नका. मऊ, कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे.)

हे सगळं मी मावशींना सांगत बसले. त्यांनी पिळे बाजूला ठेवले. “आगं माय! मग इतकी वर्सं म्या ह्याच्या तोंडावर धुणं आपटलं व्हय?”

संध्याकाळी चार पोरांनी दगड उचलून लिंबाखाली उभा केला. शेंदूर तेवढा लावू नका, त्याखाली कोरीव काम बुजतं, असं मी बजावलं. मावशींनी फक्त पाणी ओतून, कपाळीचं कुंकू सारखं करून नमस्कार केला.

परवा नणंदेचं पत्र आलं. मावशींनी धुण्याला दुसरा दगड आणलाय. पण तो काही तितका गुळगुळीत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.