मागे सरण्याचं कसब

गणपती उठले की आमच्या कार्यशाळेत उटण्याची पाकिटं भरायचं काम सुरू होतं. शाळा संपवून नव्याने आलेल्या मुलापुढे मी ढीग ठेवत नाही. ढिगाचा शेवट दिसत नाही, आणि पुष्कळ स्वमग्न मुलांना तेच सोसत नाही. डावीकडे दहा रिकामी पाकिटं, मध्ये वजनकाटा, उजवीकडे दहा खणांचा ट्रे, त्यापुढे चहाच्या कपाचं चित्र. काय करायचं, किती, संपलं कधी, पुढे काय, ही चारही उत्तरं टेबलावरच. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘टीच’ पद्धतीतली ही मांडणी. १९७२मध्ये तिथे ती राज्यभर नेली गेली.

पाकीट भरायला मुलं शाळेतच शिकलेली असतात. पण प्रत्येक पाकिटानंतर नजर वर जाते, बाईंच्या चेहऱ्याकडे. ‘बरोबर’ ऐकलं तरच हात चालतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो, आणि बाईही शाळेतच राहतात. ती नजर चेहऱ्यावरून ट्रेवर आणणं, हे माझं काम. म्हणून मी समोर बसत नाही. मागे उभी राहते, गरज पडलीच तर कोपराला हलकेच हात लावते, बोलत नाही. हात मागे घेता येतो. शब्दाची सवय लागली की मुलगा त्याचीच वाट बघत बसतो. मग एक पाऊल मागे, नंतर दाराशी. मदत मागायचं कार्ड मात्र टेबलावर कायम राहतं. मोठी माणसंही मदत मागतातच की.

एकाने ट्रे ढकलून दिला. उटण्याचा वास त्याला सहन होत नव्हता. अशा वेळी वहीत ‘वर्तनसमस्या’ लिहून मोकळं होणं मला मान्य नाही. त्याने नकार दिला होता, आणि नकार देता येणं मोठं होण्यातच येतं. आता तो लिफाफे चिकटवतो. अठरा पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो, त्याची धावपळ पालक करतात. मुलाला काय आवडतं, काय नको, हे त्या धावपळीत विचारायचं राहून जातं.

बाहेर काम मिळालं की सुरुवातीला मी सोबत जाते. तिथल्या मंडळींना एवढंच सांगते: दर लिफाफ्याला ‘शाब्बास’ म्हणू नका, पण चहाला जाताना त्यालाही बोलवा.