मोह, शिंदी आणि गोरगा : चवीची काही निरीक्षणे

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील पारंपरिक मद्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. फुले आंबवून त्यांचे ऊर्ध्वपातन केल्यावर, म्हणजे आंबलेला द्रव उकळून त्याची वाफ थंड केल्यावर, मिळणारी मोहाची दारू हा पहिला वर्ग होय. तर झाडाला छेद देऊन जमवलेला रस आपसूक आंबू दिल्यावर मिळणारी शिंदी, ताडी आणि गोरगा हा दुसरा. द्राक्षाच्या वाइनचा रंग, गंध, पहिला घोट आणि मागे रेंगाळणारी चव यांची क्रमाने नोंद करण्याची शिस्त जगभर रुळली असली, तरी या पेयांच्या वाट्याला ती क्वचितच येते. त्यांची दखल एक तर धाडींच्या बातम्यांत घेतली जाते किंवा संस्कृतीच्या गौरवलेखांत, आणि दोन्हीकडे चवीचा प्रश्न बाजूलाच राहतो. पुढील निरीक्षणे मोहाच्या हंगामातील प्रत्यक्ष आस्वादावर आधारलेली आहेत.

या आस्वादाला कायद्याने आखून दिलेली मर्यादा आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. 1982 मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी लागू आहे. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 रोजी लागू झाली आणि 2021 मध्ये उठवण्यात आली, तथापि विनापरवाना भट्टी लावणे हा संपूर्ण महाराष्ट्रातच गुन्हा आहे. त्यामुळे फुलांची परीक्षा या दोन जिल्ह्यांत झाली, तर आंबलेला रस आणि गाळलेली धार यांची चव इंद्रावती नदीपलीकडच्या, छत्तीसगडमधील बस्तरमध्ये घेतली गेली, जेथे आदिवासी कुटुंबांना स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मुभा आहे आणि जेथील झाडे व पद्धती गडचिरोलीतील भामरागड भागातल्यासारख्याच आहेत.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर आणि पहाटे गळतात, आणि उजाडण्यापूर्वीच बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली वेचायला बसलेली असतात. फिकट पिवळे, मांसल, मण्यासारखे गोल असे हे ताजे फूल तोंडात टाकले की आधी भरपूर पाणी सुटते, मग दाट गोडी जाणवते आणि शेवटी आतल्या केसाळ पुंकेसरांचा हलका तुरटपणा जिभेवर उरतो; गंध मात्र गोड नसतो, त्यात कस्तुरीकडे झुकणारा एक उग्र, जनावरी अंश असतो, जो काहींना पहिल्याच वासात नकोसा होतो. अंगणात उन्हात पसरल्यावर दोन-चार दिवसांत फूल आक्रसून तांबूस-तपकिरी होते, तो उग्रपणा मावळतो आणि त्याच्या जागी मनुका व काकवी यांच्या दरम्यानची चव येते. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा शर्करेचा असल्याने ते हवेतला ओलावा चटकन ओढून घेते. परिणामी अवकाळी पावसात भिजलेल्या किंवा झाडाखालच्या मातीसकट गोळा केलेल्या फुलांना जो कुबट वास लागतो, तो पुढे भट्टीतही जात नाही.

वाळलेली फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवून आंबवली की जो द्रव तयार होतो, त्याला सडवा म्हणतात. सडव्याची चव आंबट-गोड आणि जडसर असून त्यावरचा फेस बसू लागला, म्हणजे तो गाळण्याजोगा झाला असे जाणकार मानतात. सडव्याचे मडके चुलीवर चढवतात, वर थंड पाण्याचे भांडे ठेवतात आणि सांधे मातीने लिंपून वाफ बाहेर पडू देत नाहीत. मद्यार्क पाण्याच्या आधी, 78 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळत असल्याने सुरुवातीला येणारी धार सर्वांत कडक असते, आणि लोकव्यवहारात पहिल्या धारेला जो मान आहे त्याचे कारण हेच. निखाऱ्यावर टाकलेला तिचा थेंब निळसर ज्योतीने भडकतो. पळसाच्या पानाच्या द्रोणातून घेतलेली ही धार पाण्यासारखी नितळ दिसते. नाकाला आधी धूर आणि मागोमाग ताज्या फुलाचा तोच उग्र गंध जाणवतो, घोट घशात चटका देतो आणि चटका ओसरल्यावर सुकलेल्या फुलाची गोडी मागे उरते. नंतरची धार सौम्य असली, तरी तिच्यात आंबट पाणचटपणा वाढत जातो.

गोरगा, ज्याला बस्तरमध्ये सल्फी म्हणतात, हा भेर्ली माडाचा रस होय, तर शिंदी हा रानखजुराचा. सकाळी उतरवलेला रस दुधाळ, गोड आणि किंचित फसफसणारा असतो, दुपारपर्यंत तो आंबट व मादक होतो आणि दुसऱ्या दिवशी सिरक्याच्या वाटेला लागतो. अंगच्या यीस्टमुळे तो ऊन चढेल तसा बदलत जात असल्याने त्याची एकच एक चव सांगता येत नाही. शिंदीच्या तुलनेत गोरगा अधिक भरीव आणि कमी तिखट वाटला.

बाजारू हातभट्टीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात फुलांऐवजी सडका गूळ आणि आंबवण लवकर चढावे म्हणून नवसागर, म्हणजे अमोनियाचा एक क्षार, घातला जातो. अशा दारूला फुलाचा गंध नसतो आणि घशाखाली नुसती आग उतरते. ज्या दारूविरुद्ध या जिल्ह्यांतील बायांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तिच्या बाजूने चवीचा कोणताही युक्तिवाद उभा राहू शकत नाही. अर्थात मोहाच्या शुद्ध धारेनेही संसार उद्ध्वस्त होतात, हे त्या लढ्याचे म्हणणे चवीच्या चर्चेने खोडून निघत नाही.

दुसऱ्या टोकाला गोव्यात विकली जाणारी ‘डेस्मंडजी महुआ’ ही बाटलीबंद मोहाची दारू आहे, जिच्यात धूर नाही, चटका आवरलेला आहे आणि फुलाचा गंध स्वच्छ येतो. मात्र तो उग्र अंशही बराचसा गाळला गेल्याने चव सभ्य झाली, तरी ओळख काहीशी पुसट झाली आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये मोहफुलांच्या संकलन, वाहतूक आणि साठवणुकीवरील निर्बंध शिथिल केले असल्याने चांगल्या फुलाला पारखी गिऱ्हाईक मिळण्याची वाट आता मोकळी आहे, मग त्याचे लाडू होवोत वा दुसरीकडे परवान्याने मद्य. या सर्व आस्वादातून निघणारा निष्कर्ष एवढाच की मोहाची चव भट्टीवर ठरत नाही. ती स्वच्छ वेचलेल्या आणि कडक उन्हात वाळवलेल्या फुलात आधीच ठरलेली असते, आणि म्हणून प्रतवारी लावायची असेल तर ती बाटलीची नव्हे, फुलाची लावली पाहिजे आणि तिचा पैसा वेचणाऱ्या बाईच्या हाती पडला पाहिजे.