ताटावरचा उजेड



चातुर्मास लागला की आपल्या घरात निवडण्याचे काम वाढते. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीनच दिवसांची, म्हणजे दर तीन दिवसांनी गहू निवडा आणि दळा. हवा दमट, त्यामुळे तांदळात सोंडे, चवळी-मुगात भुंगा, रव्यात जाळी. आणि नेमका याच चार महिन्यांत उजेड कमी. आभाळ भरलेले, त्यात फ्लॅटचे स्वयंपाकघर आतल्या बाजूला. भर दुपारी ट्यूब लावावी लागते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. त्यातली एक आलोकितपानभोजन, म्हणजे उजेडात नीट पाहून खाणे-पिणे. आपण ती रात्रिभोजनत्यागाशी जोडतो, ते बरोबरच आहे. पण पाहून खायचे तर त्याआधी पाहून निवडायलाही हवे.

गेल्या वर्षी सासूबाईंनी ताट बाजूला ठेवले. वय ८४, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. "मला आता सोंडा दिसत नाही, उगाच पाप नको," म्हणाल्या. घरात सगळे म्हणाले, मशीनवर साफ केलेली पाकिटातली डाळ आणू. त्या काही बोलल्या नाहीत, पण हळूहळू त्यांनी डाळच सोडली. आमच्याकडे चातुर्मासात पालेभाजी बंद असते. डाळही गेली, तर त्या वयात अंगाला लागणार काय? मला त्याची काळजी लागली.

नीट पाहिले तेव्हा कळले, की दोष फक्त डोळ्यांचा नव्हता. आमची ट्यूब छताजवळ, टेबलाच्या मागच्या भिंतीवर. ताटावर वाकले की डोक्याची सावली बरोबर धान्यावर पडते. वय वाढले की बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते आणि डोळ्यात उजेड कमी शिरतो. त्यात ही सावली. तिथे आणखी मोठी ट्यूब लावून सावली हटणार नव्हती. उजेडच खाली, हातांजवळ आणायला हवा होता.

टेबलावर दीड फुटावर एक फळी आहे. तिच्या पुढच्या कडेला, खालून, १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावली. पट्टी मागे भिंतीशी लावली तर चमक थेट डोळ्यांत येते. पुढच्या कडेला लावली की उजेड आपल्या डोक्याच्या पलीकडून ताटावर पडतो. हिशेब सोपा आहे. पट्टी मीटरला साधारण १० वॅटची, आम्हाला लागली १.२ मीटर, म्हणजे १२ वॅट. १२ व्होल्टला १ अँपिअर. अ‍ॅडॉप्टर २ अँपिअरचा घेतला, म्हणजे तो तापत नाही. पट्टी कुठेही कापायची नसते, तिच्यावर कात्रीच्या खुणा असतात तिथेच कापायची. जोडणी वायरमनकडून करून घेतली आणि अ‍ॅडॉप्टर पाण्यापासून लांब, उंचावर बसवला.

मग सुधारणा सुरू झाल्या. उघड्या पट्टीचे ठिपके स्टीलच्या ताटात चमकत. म्हणून पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून वर दुधी झाकण लावले. उजेड सारखा पसरला आणि अ‍ॅल्युमिनियम उष्णता ओढून घेते, त्यामुळे पट्टीही टिकते. पन्हळी तिरपी बसणारी घेतली. तिरप्या उजेडात प्रत्येक दाण्याची छोटी सावली पडते, भोक असलेला दाणा आणि हलणारा जीव लगेच ओळखू येतो. ताटात पांढरे सुती फडके अंथरले, म्हणजे चमक उरली नाही.

रंगाचेही पाहावे लागते. पांढऱ्या एलईडीत खरे तर निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळा लेप. त्या निळ्या दिव्याच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ६५०० केल्विनच्या शुभ्र पट्टीत निळा भाग जास्त, आणि बहुतेक किडे निळ्याकडे अधिक ओढले जातात. ३००० केल्विनला पिवळेपणामुळे तूरडाळीतला फरक कळत नाही. आम्ही ४००० घेतली. पाकिटावर सीआरआय ९० किंवा जास्त असेल अशीच मागा, तरच धान्याचे खरे रंग दिसतात.

रोज दोन तास लावली तर महिन्याला पाऊण युनिटच्या आसपास वीज. चोकवाल्या जुन्या ट्यूबला तेवढ्याच वेळात तीन युनिटे लागत. खर्च मात्र मला दुय्यम वाटतो. अख्खी खोली उजळण्यापेक्षा काम आहे तेवढ्याच जागी दिवा, आणि काम संपले की बंद, हे आपल्या परिग्रहाच्या मर्यादेतही बसते.

एक नियम आम्ही पाळतो. हा दिवा दिवस वाढवायला नाही. संध्याकाळी उजेडाकडे किडे येतात आणि ज्यांना वाचवायचे तेच मरतात. म्हणून निवडणे सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान, आणि सूर्यास्ताआधी टेबल रिकामे.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी मूठभर चवळी फडक्यावर पसरली. थोड्या वेळाने एक भुंगा बोटाने हलकेच बाजूला घेतला आणि म्हणाल्या, "हा बघ. जिवंत आहे." मग त्याला चार दाण्यांसकट गॅलरीत सावलीत नेऊन ठेवायला सांगितले. या चातुर्मासात डाळ त्याच निवडतात, आणि खातातही. माझ्या ताटातला एखादा दाणा निसटला तर तोही त्यांना दिसतो, हे मात्र मी आता सोसते.

तुमच्या घरी कुणी वडीलधारे "आता दिसत नाही" म्हणून काम सोडत असेल, तर आधी त्यांची सावली कुठे पडते ते बघा.