सावित्रीच्या मगरी, मुरूडची पाकटं

महाडजवळ सावित्रीच्या पात्रात मगरी आहेत. मुंबई-गोवा महामार्गानं कोकणात उतरणाऱ्या बहुतेकांच्या हे गावीही नसतं. पूल येतो, मागे पडतो, आणि डोळे पुढच्या चहाच्या टपरीकडे लागतात. हिवाळ्यात ऊन जरा चढलं आणि पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडला, की त्या वर येऊन पसरतात. आम्ही गेलो ते पौषात. सोबत माझा आठवीतला मुलगा होता. मुरूडपर्यंत किनारा धरून जायचं हा बेत त्याचाच, आणि सुरुवात मगरींपासून झाली पाहिजे हा हट्टही त्याचाच.

होडीवाल्या दादांनी वल्हं थांबवून नुसती मान वळवली. पलीकडच्या काठावर ओंडक्यासारखं काहीतरी होतं, आणि त्या ओंडक्यानं जबडा उघडला. "ती मोठी मादी. पावसाच्या आधी पिल्लं हिच्या भोवती असतात. तेव्हा आम्ही होडी इकडं आणतच नाही," दादा म्हणाले. मगरीची मादी काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि सुमारे दोन महिने त्या जागेवर लक्ष ठेवून असते. पिल्लं अंड्यातूनच आवाज देऊ लागली की वाळू उकरते आणि ज्या जबड्याची आपण धास्ती घेतो त्याच जबड्यात पिल्लं अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. काठची वाळू उपसली गेली तर तिला अंडी घालायला जागाच उरत नाही. माणसाच्या घरबांधणीसाठी नदीकाठ खरवडला जातो तेव्हा दुसऱ्या कुणाचं घर मोडतं, हे मुलाला सांगायला मला तिथे फार शब्द लागले नाहीत.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्या दिवसांतल्या बातम्यांत मगरींचं नाव पुन्हापुन्हा यायचं. माणसं गेली ती पुरानं आणि जुन्या पुलानं, तरी भीतीला चेहरा मिळाला तो मगरीचा. ज्याला दात आहेत त्याच्यावर संशय आधी जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या मगरीला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलं आहे. पण कायद्यानं माणसाच्या पोटातली भीती जात नाही.

ती कशी जाते, याचं उत्तर महाडमध्येच आहे, आणि ते मगरीपेक्षा कितीतरी लहान प्राण्याशी जोडलेलं आहे.

कोकणातला लाल विंचू बोटाएवढा. लाकडाच्या रचलेल्या ढिगाखाली, कौलात, जांभ्याच्या गडग्यात त्याचं बस्तान. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. घामानं चिंब अंग, बर्फासारखे हातपाय, आणि मग फुप्फुसांत पाणी. या विषानं शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि हृदयाला तो पेलत नाही. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली. १९८२ मध्ये त्यांचा निबंध लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी चाळीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या खाली आलं. गोळीच्या जोडीला विंचवाची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे दाखवणारा २०११ चा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला निबंध त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा मिळून आहे. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

हे वन्यजीवांचं काम नव्हे, असं कुणी म्हणेल. मला ते तसं वाटत नाही. ज्या घरातलं पोर विंचवानं गेलं, त्या घराला विंचवाच्या जगण्याच्या हक्काबद्दल सांगायचं कोणत्या तोंडानं? पोर वाचलं तर पुढचं बोलता येतं. प्राण्यांचं रक्षण माणसांच्या दवाखान्यात सुरू होतं, आणि रायगड जिल्ह्यानं ते करून दाखवलं आहे.

टोळफाट्याहून आंबेत, मग म्हसळा. या रस्त्यावर खाडी सतत लपते आणि पुन्हा सापडते. मुलगा गाडीत स्टीव्ह आयर्विनबद्दल बोलत होता. त्याच्या जन्माआधीच आयर्विन गेला, पण त्याचे जुने कार्यक्रम या मुलाला तोंडपाठ आहेत, आणि मलाही. केबल टीव्हीच्या दिवसांत खाकी चड्डीतला तो ऑस्ट्रेलियन मगरीच्या पाठीवर झेप घ्यायचा तेव्हा आमच्या घरातली जेवणं थांबायची. त्याच्या आईवडिलांनी, लिन आणि बॉब यांनी, १९७० मध्ये क्वीन्सलंडमधल्या बीअरवा इथे सरपटणाऱ्या प्राण्यांचं छोटंसं उद्यान उघडलं. वस्तीला धोका ठरलेल्या मगरी गोळी घालून मारण्याऐवजी पकडून हलवायच्या, हे काम तो वडिलांच्या हाताखाली पोरवयात शिकला. जून १९९२ मध्ये टेरीशी लग्न झालं आणि मधुचंद्राच्या दिवसांत दोघं मगर पकडायला गेली. त्या चित्रणातूनच 'द क्रोकोडाइल हंटर' ही मालिका उभी राहिली. त्याच्या पडद्यावर बायको होती, पुढे मुलगी बिंडी आणि मुलगा रॉबर्टही आले. भयंकर मानलेला प्राणी आणि आपलं घर या दोन गोष्टी त्यानं कधी वेगळ्या ठेवल्या नाहीत. त्याचं मोठेपण मला यात दिसतं, धाडसात नव्हे.

सावित्री समुद्राला मिळते तिथे अलीकडे रायगडचं बागमांडला आणि हरिहरेश्वर, पलीकडे रत्नागिरीचं वेश्वी आणि बाणकोट. बाणकोटच्या पुढे वेळासला 'सह्याद्री निसर्ग मित्र' या चिपळूणच्या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. ती रीत खाडी ओलांडून हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगरपर्यंत आली आहे. कासवाची कुणाला भीती वाटत नाही, त्यामुळे तिथे पर्यटक प्रेमानं गर्दी करतात. चांगलंच आहे. पण गोंडस पिल्लासाठी जमणारी ही गर्दी त्याच किनाऱ्यावरच्या समुद्री सापाला दगडानं ठेचते, हे मी पाहिलं आहे. श्रीवर्धनला रापणीच्या जाळ्यात असा साप आला तेव्हा एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी काठीनं उचलून तो लाटेत सोडला. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते, समुद्री सापाच्या नाही. बाबांना हे माहीत होतं. म्हणूनच हात न लावता, घाई न करता त्यांनी तो सोडला. भीती आणि आदर एकाच हातात कसे नांदतात ते त्या काठीच्या टोकाला दिसत होतं.

दिघीहून फेरीबोटीनं आगरदांडा, तिथून डावीकडे जंजिरा ठेवत मुरूड.

मुरूडच्या मासळीबाजारात मुलाला हवं ते दिसलं. सुरमई, बांगड्यांच्या शेजारी चटईसारखं पसरलेलं पाकट. शेपटी मुळापाशी छाटलेली. "काटा पहिला काढायचा बोटीवरच," मावशी म्हणाल्या. "आमच्या मालकांना पायात घुसला व्हता. रातभर गरम पानी वतलं. पन पाकटाचं काय चुकलं? त्याच्यावर पाय ठेवला कुणी?" पाकट वाळूत अंग पुरून पडलेलं असतं. कुणाच्या मागे लागत नाही. तुडवलं गेलं किंवा कोंडीत सापडलं की शेपूट उलटवून काटा मारतं. त्या काट्याचं विष उष्णतेनं निकामी होतं, म्हणून सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, हा डॉक्टरांचाही सल्ला आहे. मावशींच्या घरात तो पिढ्यांपासून आहे. २०१३ च्या गणेशविसर्जनाला गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांच्या पायांत पाकटांचे काटे गेले, तेव्हा मुंबईकरांना हा प्राणी नव्यानं कळला.

४ सप्टेंबर २००६ रोजी ग्रेट बॅरिअर रीफजवळच्या उथळ पाण्यात चित्रीकरण चालू असताना अशाच एका पाकटाचा काटा आयर्विनच्या छातीत शिरला. वय ४४. बिंडी आठ वर्षांची, रॉबर्ट तीन वर्षांचाही नव्हता. पुढच्या काही दिवसांत क्वीन्सलंडच्या किनाऱ्यांवर शेपट्या कापलेली पाकटं मरून पडलेली आढळली. कुणीतरी सूड घेत होतं. आयर्विनच्याच संस्थेच्या लोकांनी पुढे येऊन सांगितलं, त्याला हे मुळीच रुचलं नसतं. टेरी, बिंडी आणि रॉबर्ट यांनी बीअरवाचं प्राणिसंग्रहालय आणि त्याला जोडलेलं वन्यप्राण्यांचं रुग्णालय चालू ठेवलं, वाढवलं. बापाचा जीव ज्या जगानं घेतला त्याच जगाची सेवा लेकरांनी पत्करली. मुलानं बाजारात मला विचारलं, "आई, त्यांना राग आला नसेल?" आला असेल, मी म्हटलं. पण मावशी म्हणाल्या तेच त्यांनाही माहीत असणार.

मुरूडपासून जवळच फणसाड. जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. सुपेगावच्या वाटेनं आत शिरलो की समुद्राचा वारा एकदम तुटतो. इथे पाणवठ्यांना गाण म्हणतात. चिखलगाणीच्या काठी ओल्या मातीत बिबट्याच्या पावलांचे ठसे होते आणि वर शेकरू ओरडत होतं. वनरक्षकानं मुलाला पालापाचोळ्यात पाय टाकण्याआधी काठी आपटायला शिकवलं. "फुरसं लहानसं असतं, पण वाट सोडत नाही. आपणच आवाज करायचा."

परतताना वनरक्षकानं एक गोष्ट कळकळीनं सांगितली. आसपासच्या गावांत साप पकडणारी तरुण पोरं वाढली आहेत, त्यांतली काही मोबाइलच्या कॅमेऱ्यासाठी नागाला खेळवतात. ही तक्रार मला पटते. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, ते साप उगाच अंगावर येत नाही हे लोकांना दाखवण्यासाठी. आणि त्यानंतर त्यांनी कात्रजला सर्पोद्यान उभं केलं, आयुष्य त्यात घातलं. धाडसाच्या मागे ते काम नसेल तर उरतो तो नुसता तमाशा, आणि त्यात जीव सापाचाही जातो. आयर्विनची झेप आपल्याकडे कुणी उचलू नये. त्याच्या मागे लहानपणापासूनची तालीम होती, मदतीला माणसं होती. आपल्याकडे २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. अशा देशात सापाशी खेळणं हा त्या मृतांचा अपमान आहे.

काशीद, कोर्लई मागे टाकून रेवदंड्याला पोचलो. जून २०१५ मध्ये इथल्या किनाऱ्यावर जिवंत निळा देवमासा येऊन लागला होता. गावकरी आणि वनखात्याची माणसं त्याला पाण्यात ढकलायला धडपडली. तो वाचला नाही. पण एवढ्या प्रचंड जनावराजवळ जायला तेव्हा गाव घाबरलं नाही, हे मुलानं वहीत लिहून घेतलं.

रायगडच्या किनाऱ्यावर याल तर एवढं करा. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चाला. पाकट आधीच बाजूला होतं. रात्री विजेरीशिवाय अंगणातही उतरू नका, चपला-बूट झटकून घाला. साप किंवा विंचू चावला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. घरात साप, वाडीत बिबट्या किंवा वाळूवर अडकलेला जीव दिसला तर दगड उचलण्याआधी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा.