सिरपूरचे तळे

इंदुरास जाणारा मराठी माणूस बहुधा राजवाडा पाहतो, रात्री सराफ्यात पोटभर खातो आणि परत फिरतो. शहराच्या पश्चिमेस, धारच्या रस्त्यावर सिरपूरचे तळे आहे. तिकडे त्याचे पाऊल सहसा वळत नाही. आम्हांस विचाराल तर राजवाडा एक वेळ राहिला तरी चालेल, तळे मात्र चुकवू नये.

हे तळे निसर्गाने घडविलेले नव्हे. होळकरांच्या राजवटीत ते बांधले गेले. पाणी उथळ, भर पावसाळ्यातही त्याची खोली दोन मीटरांपलीकडे जात नाही. परंतु हा उथळपणाच त्याचे वैभव आहे. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते, पाणवनस्पती फोफावतात, त्यांच्या आश्रयाने किडे व मासे वाढतात आणि त्यांच्या मागोमाग पाखरे येतात. येथे सुमारे १३० जातींचे पक्षी आढळतात. थंडीत सकाळी बांधावर गेल्यास उत्तरेकडील दूरदेशांहून आलेली बदके पाण्यावर निवांत तरंगताना दिसतात. शहराचा गलबला तेथून फार लांब नाही, हे क्षणभर खरे वाटत नाही.

इ. स. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी इंदुरास आले. सुमारे ७० किलोमीटरांवरून, मोठी चढण चढवून आणलेले हे पाणी म्हणजे त्या शहरास लाभलेले वरदानच. तथापि दारी नळ आला म्हणजे विहिरीवरील माया आटते, हा अनुभव काही एका गावाचा नाही. जुन्या तळ्यांविषयीची आस्था ओसरली, ती याच कारणाने असावी असे आम्हांस वाटते. सिरपूरच्या काठची झाडे तुटू लागली, जमिनीवर अतिक्रमण होऊ लागले, पाखरांची शिकार होऊ लागली.

अशा वेळी, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, काही इंदूरकर पुढे सरसावले. त्यांचे अग्रणी भालू मोंढे. हे गृहस्थ शिल्पकार व छायाचित्रकार. कलेसाठी त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. 'द नेचर व्हॉलंटियर्स' या नावाने ही मंडळी एकत्र आली. त्यांनी केले ते काम दिसावयास साधे होते: तळ्यावर जात राहावयाचे, झाड तोडणाऱ्यास हटकावयाचे, महानगरपालिकेच्या पायऱ्या झिजवावयाच्या, नवी रोपे लावावयाची आणि आलेल्या पाखरांची नोंद ठेवावयाची. एका दिवसाच्या उत्साहाने हे होत नाही. वर्षानुवर्षे तेच काम, तेही बिनपगारी, करणारी माणसे थोडी असतात.

पाखरांच्या त्या नोंदी पुढे फार मोलाच्या ठरतात. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या यादीत नाव यावयाचे तर तेथे कोणते जीव राहतात, याचा पुरावा द्यावा लागतो. २०२२ साली सिरपूर त्या यादीत गेले. इंदूरजवळचेच, गंभीर नदीवरील यशवंतसागरही गेले. तेथे सारस राहतात, उभे राहिले तर पुरुषभर उंचीचे. २०२५ साली इंदूर व उदयपूर या भारतातील पहिल्याच दोन नगरांना याच करारान्वये पाणथळ नगर म्हणून मान्यता मिळाली. अर्थात मानपत्राने सांडपाणी थांबत नाही की जलपर्णी निघत नाही. पहारा चालूच ठेवावा लागतो.

दूर फिलिपाइन्समध्ये आपो नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथील कोळ्यांनी, सिलिमन विद्यापीठाच्या साहाय्याने, १९८२ साली आपल्या प्रवाळाचा एक पट्टा मासेमारीस बंद केला आणि त्याची राखणही स्वतःच केली. आतले मासे वाढले, तसे ते बाहेरच्या जाळ्यांतही येऊ लागले. कोठे प्रवाळ, कोठे माळव्यातील तळे. परंतु राखण करणारा जवळ राहणारा असला म्हणजे त्याला रोजचे रोज दिसते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

वसईकडील वाचकांस बावखल म्हणजे काय ते सांगावयास नको. वाडीला पाणी, विहिरीला पाझर, आणि खारे पाणी आत शिरू न देणारा गोड्या पाण्याचा साठा, अशी तिहेरी चाकरी त्याने केली. नळ आले, जमिनीचे भाव चढले आणि कित्येक बावखले मातीच्या भरावाखाली गेली. जी उरली आहेत ती कोठे आहेत, कोणाच्या वाडीत आहेत, त्यांत मे महिन्यात पाणी किती राहते, एवढे एका वहीत उतरवून काढणे शाळकरी मुलांनाही एका सुट्टीत जमेल. आजोबा-आजींपाशी बसले तर बुजलेल्या बावखलांची नावेही सापडतील.