धर्मशाळेतसुद्धा नाव लिहून घेतात

बनावट वेबसाइटवरून कुणाचे पैसे गेले की आपण दोघांबद्दलच बोलतो. फसवणारा आणि फसलेला. मधला तिसरा माणूस कुणाच्या डोक्यात येत नाही. त्या भामट्याला वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर जागा दिली कुणी?

हा तिसरा दरवेळी परदेशातली मोठी कंपनीच असतो असं नाही. आपल्या सोलापुरातही डोमेन-होस्टिंग विकणारे आहेत. मोठ्या कंपनीकडून जागा घाऊक घ्यायची आणि दवाखाना, शाळा, टॉवेलचा कारखाना, मंगल कार्यालय यांना किरकोळ विकायची, असा हा धंदा.

माझा एक मित्र हेच करतो. आषाढीच्या आधी त्याला फोन आला. पंढरपूरच्या भक्तनिवासाच्या नावासारखं डोमेन पाहिजे, साइट आजच चालू करा, पैसे आत्ता टाकतो. मित्र म्हणाला, "देवस्थानचं पत्र पाठवा, लगेच करतो." फोन कट. नंतर तो नंबर लागलाच नाही.

मी विचारलं, "तुला कळलं कसं बे?" तर म्हणतो, "त्यानं भाव केला नाही. सोलापूरचं गिऱ्हाईक भाव न करता पैसे देतंय, असं कधी बघितलंस का?"

हसलो आम्ही. पण त्याच्या बाकीच्या खुणा ऐकण्यासारख्या आहेत. नाव एकाचं, पैसे दुसऱ्याच्या खात्यातून. पत्ता इथला, पण कुठल्या चौकाजवळ विचारलं की गडबडतो. बँक, वीज कंपनी, देवस्थान यांच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून डोमेन मागतो. धंदा काय ते सांगत नाही, पण तासाला किती मेल जातील हे पहिल्यांदा विचारतो. जास्त पैसे टाकतो आणि उरलेले भलत्याच खात्यावर परत मागतो.

यातल्या एकाच खुणेवरून कुणाला चोर ठरवायचं नाही, हेही तोच सांगतो. पोराच्या नव्या दुकानाचे पैसे बाप भरतो, त्यात गैर काय? पण दोन-तीन खुणा जुळल्या की तो थांबतो, फोनवर बोलतो, कागद मागतो. खरं गिऱ्हाईक कुरकुर करतं, पण कागद देतं. खोटं गायब होतं.

न थांबल्यास काय होतं? एका सर्व्हरवर पन्नास जणांच्या साइट असतात. त्यातल्या एकानं फसवे मेल सोडले की अख्ख्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जाऊ शकतो. मग काही पाप न केलेल्या डॉक्टरांचे मेलसुद्धा पेशंटपर्यंत पोचत नाहीत. पैसे चोरीच्या कार्डावरचे निघाले तर बँक ते परत ओढून घेते. आणि पंढरीला निघालेल्या म्हातारीनं खोलीसाठी भरलेले पैसे जातात, ते तर कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

ही भीती उगाच नाही. यात्रेकरूंना खोटं बुकिंग करून फसवणाऱ्या वेबसाइटबद्दल केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल 2025 मध्ये जाहीर इशारा दिला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, सोमनाथचं अतिथीगृह, सगळं त्यात होतं. सोलापूरच्या आसपास पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आहे. आपण कुठे वेगळे?

कायदाही गप्प नाही. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार डेटा सेंटर, क्लाउड आणि व्हीपीएस सेवा देणाऱ्यांनी गिऱ्हाईकाचं खरं नाव, पत्ता, संपर्क आणि सेवा कशासाठी घेतली याची नोंद ठेवायची. गिऱ्हाईक सोडून गेल्यावरही पाच वर्षं. रिझर्व्ह बँकेनं तर बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या नावावर जायला सांगितलं. ते नाव फक्त बँकेलाच मिळतं. म्हणजे नाव देण्याआधीच चौकशी. तोच मुद्दा छोट्या विक्रेत्यालाही लागू आहे.

"विचारलं तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल," असं बरेच जण म्हणतात. जाईल की. म्हणून तर सगळ्यांनीच विचारायला पाहिजे. लॉजवर खोली देताना आधार बघतात, भाडेकरूची माहिती पोलिसात देतात, धर्मशाळेतसुद्धा नाव लिहून घेतात. तिथं आपल्याला अपमान वाटत नाही.

मात्र मागितलेले कागद नीट ठेवा. गिऱ्हाईकाचं आधार कार्ड कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असेल तर तुम्हीच दुसऱ्या भामट्याची सोय करताय.

आणि वाचकहो, तुमच्या वेबसाइटवाल्यानं चार प्रश्न जास्त विचारले तर त्याच्यावर डाफरू नका. त्याच सर्व्हरवर तुमचंही दुकान आहे. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.