मापातली मूठ

मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत घरोघरी तांदळाच्या डब्याजवळ आणखी एक भांडं ठेवलेलं असतं. बाई जेवणापुरते तांदूळ मापून घेते आणि चुलीवर चढवण्याआधी त्यातलीच एक मूठ त्या भांड्यात टाकते. तिकडे याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. मग मंडळीतल्या बाया घरोघर फिरून हे तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि पैसा सुवार्तेच्या कामी लागतो.

ही रीत १९१० साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिथल्या डोंगरांवरचा बांबू फुलला. बांबू फुलला की उंदीर माजतात, उभी पिकं फस्त करतात. मिझो लोक त्या आपत्तीला ‘माउताम’ म्हणतात. भुकेची अशी ओळख असलेल्या या लोकांनी ही मूठ शंभर वर्षांहून अधिक काळ चालवली, आणि आता तिच्यातून दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात.

मला मात्र त्या कोटींहून ते माप मोठं वाटतं. मूठ कोठीतून निघत नाही, आजच्या भातातून निघते. ताटात भात तेवढा कमी पडतो, आणि तो लेकरांसकट सगळ्यांच्या वाट्याला कमी येतो. देणाऱ्याला जाणवतं ते देणं हेच. वर्षअखेरीस उरलंसुरलं पाकिटात घालून दिलं, तर तेही कामाला येतं. पण ते कुणाच्या घासातून आलेलं नसतं.

यरुशलेमच्या मंदिरात येशू दानपेटीसमोर बसून हेच पाहत होता. श्रीमंत पुष्कळ टाकत होते, एका गरीब विधवेनं दोन टोल्या टाकल्या. तिची सगळी उपजीविका तेवढीच होती. मार्काच्या १२व्या अध्यायातली ही विधवा निधी गोळा करताना उपदेशात हमखास येते. तिच्या लगेच आधीचं वचन मात्र क्वचितच वाचलं जातं. लांबलचक प्रार्थनांचं ढोंग करून विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी येशू तिथे कडक शब्दांत बोलतो. आणि त्या बाईचं मोल सांगताना ‘तुम्हीही असंच सगळं टाका’ असं तो कुणाला म्हणत नाही. मला वाटतं, ही दोन्ही वचनं एकत्रच वाचायला हवीत. कुणी पोटाला चिमटा घेऊन दिलं, की घेणाऱ्याच्या हातावर त्याचं ओझं येतं.

तेव्हा तुमच्या मंडळीत वर्षाचा हिशेब वाचला जाईल, त्या दिवशी अर्ध्यातून उठू नका. शेवटच्या आकड्यापर्यंत बसा, आणि यातलं विधवांच्या दारी किती गेलं, ते उभं राहून विचारा.